परतीचं पार्सल देताना दुकानात पैसे का मागतात? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

ऑनलाइन मागवलेले बूट घट्ट होतात. साइटवर 'फ्री रिटर्न' असं ठळक लिहिलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्तपणे जवळच्या शिपिंगच्या दुकानात जातो आणि तिथे खोक्याचे, टेपचे, छपाईचे मिळून पाच-दहा डॉलर भरून बाहेर पडतो. अमेरिकेत आल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे बहुतेकांच्या वाट्याला येतं. दुकानदाराने लुबाडलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. विक्रेत्याने मोफत केलेली असते ती फक्त वाहतूक. खोकं कोणाचं, पॅकिंग कोण करणार, लेबल कोण छापणार आणि काउंटरवरच्या माणसाचा वेळ कोणाच्या खाती, हे प्रश्न वेगळे असतात. त्यांची उत्तरं घरून निघण्यापूर्वी मिळाली, तर बहुतेक भुर्दंड टळतो.

तीन वेगळे हात

परतीच्या व्यवहारात तिघे जण असतात. पहिला विक्रेता, म्हणजे ज्याच्याकडून वस्तू घेतली तो. दुसरी वाहतूक कंपनी: यूपीएस, फेडएक्स किंवा सरकारी टपाल सेवा यूएसपीएस. आणि तिसरं म्हणजे ज्या काउंटरवर तुम्ही पार्सल ठेवता ते दुकान. नवख्या माणसाला दुसरा आणि तिसरा एकच वाटतात, कारण दारावर पाटी वाहतूक कंपनीची असते. गोम इथेच आहे.

'द यूपीएस स्टोअर' ही दुकानं यूपीएस कंपनी स्वतः चालवत नाही. मूळची 'मेल बॉक्सेस इटीसी' नावाची साखळी यूपीएसने २००१ साली विकत घेतली आणि २००३ पासून तिला आजचं नाव दिलं. प्रत्येक दुकानाचा मालक मात्र स्वतंत्र फ्रँचायझीधारक असतो. खोकी, पॅकिंग, छपाई, झेरॉक्स यांचे दर तोच ठरवतो. म्हणून एकाच शहरातल्या दोन यूपीएस स्टोअरमध्ये त्याच खोक्याचे वेगळे पैसे पडू शकतात. फेडएक्सची तऱ्हा निराळी आहे. कंपनीने २००४ साली छपाई-झेरॉक्सच्या दुकानांची 'किंकोज' ही साखळी विकत घेतली, २००८ साली तिचं नाव 'फेडएक्स ऑफिस' केलं आणि ती दुकानं कंपनीच्याच मालकीची आहेत. पण 'फेडएक्स ऑथराइज्ड शिपसेंटर' ही पाटी दिसली, तर ते पुन्हा कोणाचं तरी खासगी दुकान.

यांच्या पलीकडे आणखी एक प्रकार आहे: यूपीएस, फेडएक्स, यूएसपीएस, डीएचएल अशी चारही बोधचिन्हं काचेवर लावलेलं स्वतंत्र पॅक-अँड-शिप दुकान. आधीच पैसे भरलेलं पार्सल तुम्ही नुसतं ठेवून गेलात, तर वाहतूक कंपनीकडून या दुकानाला अगदी किरकोळ मोबदला मिळतो, कधी काहीच मिळत नाही. जागा मात्र अडते, स्कॅन करावं लागतं, संध्याकाळी ट्रक येईपर्यंत सांभाळावं लागतं. म्हणून अशी काही दुकानं प्रत्येक पार्सलामागे एखाद-दोन डॉलर 'ड्रॉप-ऑफ फी' घेतात. ती बेकायदा नाही. बहुधा काउंटरजवळ छोट्या पाटीवर लिहिलेलीही असते. पण ती टाळणं तुमच्या हातात आहे, कारण तेच पार्सल मोफत घेणारी जागा बहुतेक वेळा मैल-दोन मैलांवर असते.

पायरी १ : रिटर्न नोंदवताना घाई करू नका

सगळ्यात जास्त पैसे या पडद्यावर वाचतात किंवा जातात. 'रिटर्न' बटण दाबल्यावर विक्रेता परतीचे दोन-चार पर्याय दाखवतो. पहिला पर्याय आपोआप निवडलेला असतो आणि बहुतेक जण तसाच पुढे जातात. थांबा. प्रत्येक पर्यायाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. पाहायच्या गोष्टी चार.

वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे आधी पाहा. 'प्रीपेड लेबल' म्हणजे आता पैसे भरावे लागत नाहीत, एवढंच. ते मोफत आहे असा त्याचा अर्थ नाही. कपड्यांच्या अनेक कंपन्या आणि मोठी डिपार्टमेंट स्टोअर लेबल देतात आणि त्याचे साधारण चार ते बारा डॉलर मागाहून रिफंडमधून कापून घेतात. हे वाक्य 'रिटर्न पॉलिसी'त असतं, लेबलावर नसतं. त्याच कंपनीचं दुकान गावात असेल, तर तिथे नेऊन दिल्यास बहुतेक वेळा कपात होत नाही. म्हणून पार्सल बांधायला घेण्यापूर्वी 'रिटर्न इन स्टोअर' शक्य आहे का, ते पाहा.

खोकं लागणार का, ही दुसरी गोष्ट. 'नो बॉक्स, नो लेबल' असं लिहिलेलं असेल, तर वस्तू तशीच नेऊन क्यूआर कोड दाखवायचा. पिशवीत घालण्याचं काम दुकानाचं आणि त्याचे पैसे विक्रेता देतो. 'बॉक्स रिक्वायर्ड' किंवा 'पॅकेज युअर आयटम' लिहिलं असेल, तर पॅकिंग तुमचं. या दोन वाक्यांतला फरक न पाहिल्यामुळे काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. क्यूआर कोड दोन्ही प्रकारांत असतो. कोड आहे म्हणजे पॅकिंग मोफत, असं समजू नका. दुसऱ्या प्रकारात तो कोड फक्त लेबल छापण्यापुरता असतो. वस्तू उघडी नेलीत, तर दुकान आपल्या खोक्यात भरून देतं आणि खोकं, बबल रॅप, मजुरी, वर सेल्स टॅक्स असं बिल लावतं.

तिसरी गोष्ट जागेची. अॅमेझॉनने २०२३ साली एक बदल केला. तेवढ्याच किंवा त्याहून कमी अंतरावर होल फूड्स किंवा कोल्ज अशा दुकानाचा मोफत पर्याय असताना तुम्ही यूपीएस स्टोअर निवडलं, तर काही रिटर्नवर एक डॉलर लागू लागला. रक्कम लहान आहे, पण पडद्यावर ती पर्यायाशेजारीच लिहिलेली असते आणि एका टिचकीत टळते. घरून पार्सल उचलून नेण्याचा 'पिकअप' पर्यायही कधी मोफत, तर कधी सात-आठ डॉलरचा असतो. आजारी माणसाला किंवा गाडी नसलेल्याला तो परवडतो, बाकीच्यांनी आधी इतर पर्याय पाहावेत.

चौथी गोष्ट म्हणजे परत करण्याचं कारण. 'वस्तू खराब आली', 'चुकीची आली', 'वर्णनाप्रमाणे नाही' यांत चूक विक्रेत्याची असते आणि परतीचा खर्च सहसा त्याच्याकडे जातो. 'मन बदललं' किंवा 'आता गरज नाही' निवडलं, तर तो तुमच्या माथी येऊ शकतो. खरं कारण द्या. पण खराब आलेल्या वस्तूला आळसाने 'आता गरज नाही' असं कारण देऊन स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. तडा, डाग, चुकीचा साइझ यांचे फोटो काढून तिथेच जोडा.

एकाच ऑर्डरमधल्या तीन वस्तू परत करायच्या असतील, तर त्या एकाच वेळी नोंदवा. काही साइट एका ऑर्डरचं पहिलं रिटर्न मोफत घेतात आणि त्याच ऑर्डरच्या दुसऱ्या रिटर्नचे पैसे कापतात. आज शर्ट, परवा पँट असं केलंत, तर पँटचा भुर्दंड पडतो.

पायरी २ : लेबल कोणाचं, ते ओळखा

लेबल आलं की आधी वाहतूक कंपनीचं नाव पाहा. बऱ्याचदा ते कोपऱ्यात बारीक असतं, अशा वेळी ट्रॅकिंग नंबर सांगतो. यूपीएसचा नंबर '१झेड'ने सुरू होतो आणि एकूण १८ अक्षरं-अंकांचा असतो. फेडएक्सचा बहुधा १२ किंवा १५ अंकी. यूएसपीएसचा सहसा २२ अंकी आणि ९ ने सुरू होणारा.

हे इतकं नीट पाहायचं, कारण चुकीच्या काउंटरवर गेलात की पैसे सुरू. फेडएक्सचं लेबल यूपीएस स्टोअरमध्ये चालत नाही. यूएसपीएसचं लेबल लावलेलं पार्सल काही यूपीएस स्टोअर घेतात, पण ती त्या दुकानाची स्वतःची सोय असते. तिचे पैसे लागू शकतात, आणि पार्सल टपाल खात्याच्या हाती जाईपर्यंत ट्रॅकिंगवर काहीच दिसत नाही. काउंटरवरचा माणूस एखाद वेळी "आम्ही पाठवून देतो" म्हणतो, म्हणजे तो नवं लेबल काढून पूर्ण भाडं लावणार असतो. विक्रेत्याने दिलेलं लेबल तसंच वाया जातं आणि ते पैसे परत मिळत नाहीत. अशा वेळी "नो, आय हॅव अ प्रीपेड लेबल" म्हणून पार्सल उचला आणि योग्य जागी जा.

लेबल पीडीएफमध्ये आलं आणि घरी प्रिंटर नसेल, तर ते दुकानात छापून घेणं हा सगळ्यात सोपा आणि उगाचचा खर्च. पानाचे काही सेंट असतात, पण ईमेलमधून उघडून देण्याचं शुल्क वेगळं असू शकतं. त्याऐवजी पब्लिक लायब्ररीत जा. अनेक लायब्रऱ्या कार्डधारकांना काही पानं मोफत छापू देतात, नाही तर अगदी थोडे सेंट घेतात. ऑफिस किंवा विद्यापीठ जवळ असेल, तर प्रश्नच नाही. शक्य असेल तेव्हा रिटर्न नोंदवतानाच पीडीएफऐवजी क्यूआर कोड निवडा. यूएसपीएसच्या कोडवरून पोस्ट ऑफिसच्या काउंटरवर लेबल मोफत छापून मिळतं, आणि यूपीएस-फेडएक्सच्या परतीच्या कोडचंही तसंच. लेबल छापलं की ते १०० टक्के आकारातच छापा. 'फिट टु पेज'ने बारकोड आक्रसला तर यंत्र वाचत नाही.

पायरी ३ : जागा निवडा

गुगल मॅप्सवर 'यूपीएस' टाकून पहिलं येईल तिथे जाऊ नका. त्या त्या कंपनीच्या साइटवर 'फाइंड लोकेशन्स' असतं आणि तिथे जागेचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचा.

यूपीएसचं स्वतःचं 'कस्टमर सेंटर' कंपनीचं असतं आणि तिथे प्रीपेड पार्सल द्यायला काही लागत नाही. 'यूपीएस स्टोअर'मध्येही लेबल लावलेलं, टेप मारलेलं पार्सल साधारणपणे मोफत घेतात. 'अॅक्सेस पॉइंट' म्हणजे औषधांच्या किंवा इतर वस्तूंच्या दुकानात ठेवलेली सोय; सीव्हीएस, मायकल्स यांच्या बऱ्याच शाखांत ती असते. तिथे पॅकिंग होत नाही, म्हणून त्याचं बिल लावण्याचाही प्रश्न नाही. पार्सल तयार असेल, तर ही सगळ्यात सुटसुटीत जागा. 'ऑथराइज्ड शिपिंग आउटलेट' दिसलं, तर मात्र ते वर सांगितलेलं स्वतंत्र दुकान. जाण्यापूर्वी फोन करून "डू यू चार्ज फॉर प्रीपेड ड्रॉप-ऑफ?" एवढं विचारा.

फेडएक्ससाठी फेडएक्स ऑफिस आणि वॉलग्रीन्स, डॉलर जनरल या दुकानांतली सोय मोफत, आणि ऑथराइज्ड शिपसेंटरला आधी फोन.

यूएसपीएसची तऱ्हा थोडी वेगळी. खरं पोस्ट ऑफिस म्हणजे सरकारी नोकर, सरकारी दर. 'अप्रूव्ह्ड शिपर' म्हणजे खासगी दुकान, आणि ते जादा शुल्क घेऊ शकतात हे यूएसपीएस स्वतःच सांगते. पण यूएसपीएसचा सगळ्यात चांगला पर्याय घरबसल्या आहे, आणि नव्या माणसांना तो सहसा माहीत नसतो. लेबल लावलेलं पार्सल रोजच्या टपालवाटपाच्या वेळी पोस्टमनच मोफत घेऊन जातो. साइटवर 'शेड्यूल अ पिकअप'मध्ये आदल्या रात्रीपर्यंत नोंद करायची आणि पार्सल दारात ठेवायचं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर ते कुठे ठेवलंय हे त्या नोंदीत लिहा.

'हॅपी रिटर्न्स'चे 'रिटर्न बार' हाही एक प्रकार आहे. ही सेवा आता यूपीएसच्या मालकीची आहे आणि अल्टा ब्यूटी, स्टेपल्स, यूपीएस स्टोअर अशा ठिकाणी चालते. खोकं नको, लेबल नको, फक्त कोड. पण विक्रेत्याने ही सेवा घेतलेली असेल तरच, आणि काही विक्रेते तिथेही रिफंडमधून कपात करतात. म्हणजे पायरी १ मधला पहिला प्रश्न इथेही लागू आहेच.

पायरी ४ : पॅकिंग घरी करा, आणि खोकं आखूड निवडा

वस्तू आली ते खोकं रिटर्नची मुदत संपेपर्यंत फेकू नका. हा एकच नियम पाळला, तरी पॅकिंगचा खर्च बहुतेक संपतो. जुनं खोकं पुन्हा वापरताना आधीचं लेबल आणि सगळे जुने बारकोड फाडा किंवा काळ्या मार्करने पूर्ण झाका. यंत्राने जुना बारकोड वाचला, तर पार्सल तुमच्याच घरी परत येऊ शकतं.

टेप किमान दोन इंच रुंद, पॅकिंगची. सेलो टेप किंवा मास्किंग टेप सुटते. सुतळी बांधू नका, वरून ब्राउन पेपर गुंडाळू नका आणि आपल्याकडे शिवतात तसं कापड तर नकोच. सरकत्या पट्ट्यांवर ते अडकतं आणि दुकान "री-पॅक करावं लागेल" म्हणून सांगतं, म्हणजे पुन्हा बिल. काउंटरवर मोफत दिसणारी टेपही जपून मागा: काही दुकानं एक पट्टी हसत देतात, काही टेप मारण्याचे पैसे लावतात.

पोस्ट ऑफिसात 'प्रायॉरिटी मेल' (यूएसपीएसची जलद सेवा) लिहिलेली खोकी मोफत मिळतात. ती या कामाला वापरू नका. यूएसपीएसचं परतीचं लेबल बहुधा 'ग्राउंड अॅडव्हांटेज' या स्वस्त सेवेचं असतं. प्रायॉरिटीच्या खोक्यावर ते लावलं, तर टपाल खातं प्रायॉरिटीचा दर लावतं किंवा पार्सल घेतच नाही. खोकं उलटं करून वापरणंही नियमात बसत नाही. यूपीएस आणि फेडएक्सच्या मोफत एक्सप्रेस खोक्यांचंही तसंच आहे.

आता आकाराविषयी, कारण इथे पैसे दिसत नाहीत पण जातात. वाहतूक कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर दर लावतात. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजायची, गुणाकार करायचा आणि ठरलेल्या भाजकाने भागायचं. फेडएक्सचा भाजक १३९. यूपीएसचा व्यापारी खात्यांसाठी १३९ आणि काउंटरवरच्या किरकोळ दरांसाठी १६६. ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही कंपन्या इंचाचा अपूर्णांक सरळ वरच्या इंचात धरतात. सव्वाअकरा इंच म्हणजे बारा.

एक जाकीट घ्या, वजन तीन पौंड. घरात पडलेल्या २० × १६ × १२ इंचांच्या खोक्यात ते भरलंत. गुणाकार ३,८४०, भागिले १३९ म्हणजे २७.६, म्हणजे २८ पौंडांचा दर. तेच जाकीट नीट घडी घालून १४ × ९ × ४ च्या खोक्यात बसवलं, तर गुणाकार ५०४ आणि दर ४ पौंडांचा. वस्तू तीच, अंतर तेच, दर सातपट वजनाचा. लेबल विक्रेत्याच्या खात्यावरचं असलं, तरी हा फरक आधी त्याच्या बिलात येतो आणि मग काही विक्रेते तो तुमच्या रिफंडमधून वसूल करतात. जिथे परतीचं भाडं तुम्हीच भरायचं आहे, तिथे तर तो थेट तुमच्या खिशातून जातो. कपडे, चादरी अशा न फुटणाऱ्या वस्तूंना खोकंच नको, आली ती प्लॅस्टिकची पिशवी पुन्हा चिकटवली तरी चालते.

मोठ्या वस्तूंना आणखी एक अधिभार असतो: सगळ्यात लांब बाजू ४८ इंचांपेक्षा जास्त, दुसरी बाजू ३० इंचांपेक्षा जास्त किंवा वजन ५० पौंडांपेक्षा जास्त, की 'अॅडिशनल हँडलिंग' लागतं. पुठ्ठ्याचं खोकं नसलेल्या वस्तूंनाही ते लागू होतं. उदाहरणार्थ, सुटकेस खोक्यात न घालता परत केली तर. खुर्ची, टेबल, टीव्ही यांचं मूळ खोकं म्हणूनच जपायचं. लिथियम बॅटरी असलेली वस्तू परत करताना विक्रेत्याने दिलेलं बॅटरीचं चिन्ह लेबलासोबत चिकटवा. बॅटरी फुगलेली असेल, तर ती कुठल्याही काउंटरवर नेऊ नका. आधी विक्रेत्याला कळवा.

पायरी ५ : काउंटरवर

पहिलं वाक्य महत्त्वाचं: "प्रीपेड रिटर्न, जस्ट ड्रॉपिंग ऑफ." नुसतं "आय वाँट टु शिप धिस" म्हटलं, की समोरचा माणूस तुम्हाला नवं पार्सल पाठवणारं गिऱ्हाईक समजतो आणि वजनकाट्याकडे वळतो.

वस्तू हातातून देण्यापूर्वी "इज देअर एनी चार्ज?" विचारा. पॅकिंग सुरू झालं, टेप लागली, की पैसे परत मिळणं अवघड. समोरचा 'बॉक्स लागेल' म्हणाला, तर तुमच्या फोनवरची ओळ दाखवा: 'नो बॉक्स नीडेड' असेल तर दुकानाने तशीच घ्यायची असते. 'बॉक्स रिक्वायर्ड' असेल, तर त्याचं बरोबर आहे. वाद न घालता घरी जाऊन खोकं आणा किंवा जवळच्या मोठ्या दुकानातून खोकं विकत घ्या. शिपिंगच्या काउंटरपेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

'इन्शुरन्स हवा का?' किंवा 'डिक्लेअर्ड व्हॅल्यू?' (वस्तूची किंमत जाहीर करून जास्त भरपाईची सोय घ्यायची का) असं विचारलं, तर नाही म्हणा. लेबल विक्रेत्याचं आहे, वाटेतली जबाबदारीही सहसा त्याचीच. यूपीएस आणि फेडएक्समध्ये १०० डॉलरपर्यंतची भरपाईची मर्यादा मुळातच धरलेली असते. महागडी वस्तू असेल, तर हा प्रश्न काउंटरवर नाही, विक्रेत्याला ईमेलने विचारायचा.

अॅमेझॉनच्या दोन वस्तूंचे दोन कोड आले असतील, तर प्रत्येक वस्तू तिच्याच कोडवर स्कॅन होते ना, हे पाहा. अदलाबदल झाली, तर रिफंड अडकतो आणि मग मुदतीनंतर आलेली वस्तू म्हणून कपात होऊ शकते. लेबल स्वतः लावून नेत असाल, तर एका लेबलाच्या खोक्यात दुसऱ्या रिटर्नची वस्तू घालू नका.

पावती घेतल्याशिवाय हलू नका. गर्दीत "तिथे ठेवून जा" म्हणतात आणि कोपऱ्यात पार्सलांचा ढीग असतो. ढिगात ठेवलेलं पार्सल हरवलं, तर तुमच्याकडे पुरावा काहीच उरत नाही. ट्रॅकिंग नंबर छापलेली ड्रॉप-ऑफ पावती मागा. दुकान देत नसेल, तर काउंटरवर ठेवलेल्या पार्सलाचा लेबल दिसेल असा फोटो काढा. अॅक्सेस पॉइंटवर किंवा ड्रॉप बॉक्समध्ये टाकताना हा फोटो तर हवाच.

पायरी ६ : रिफंडचा ताळा जुळवा

पैसे परत आले की बहुतेक जण विषय सोडून देतात. निदान एवढं पाहा: वस्तूची किंमत अधिक सेल्स टॅक्स आला का? मूळ पाठवणीचा खर्च सहसा परत मिळत नाही. वस्तूच खराब आली असेल, तर मागता येतो. 'रिटर्न शिपिंग' म्हणून कपात असेल, तर ती धोरणात लिहिलेल्या रकमेइतकीच आहे का? 'रीस्टॉकिंग फी', म्हणजे परत आलेला माल पुन्हा विक्रीला लावण्याचे पैसे, इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आढळते, विशेषतः सील फोडलेलं असेल किंवा चार्जर, केबल, माहितीपुस्तिका यांतलं काही राहून गेलं असेल तर. म्हणून पॅक करताना आतल्या सगळ्या वस्तूंचा एक फोटो काढून ठेवा. पुढचा पत्रव्यवहार त्यावर एका ईमेलात मिटतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत कुठलीही वस्तू परत करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा तीन दिवसांचा 'कूलिंग-ऑफ' (विचार बदलून खरेदी रद्द करण्याचा) नियम दारावर येऊन विकणाऱ्यांसारख्या व्यवहारांसाठी आहे, ऑनलाइन खरेदीला तो लागू नाही. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. कॅलिफोर्नियात विक्रेता सात दिवसांत पूर्ण पैसे परत देत नसेल, तर त्याने आपलं धोरण ठळकपणे दाखवणं बंधनकारक आहे. न्यूयॉर्कमध्ये धोरण दाखवलेलंच नसेल, तर ग्राहकाला तीस दिवसांत वस्तू परत करता येते. सांगायचा मुद्दा, धोरणाचं पान हाच तुमचा करार. ऑर्डर देताना त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतलात, तर मागाहून ते बदललं तरी तुमच्या हातात पुरावा राहतो.

पैसे घेतलेच असतील तर

आधी तपशीलवार पावती मागा, कारण 'सर्व्हिस ९.४९' एवढ्यावर कोणालाच काही विचारता येत नाही. पॅकिंग, छपाई, ड्रॉप-ऑफ यांतलं काय ते लिहून घ्या.

'नो बॉक्स' पर्याय असताना पॅकिंगचे पैसे घेतले असतील, तर दुकानाच्या मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला. काउंटरवरची मुलं बहुधा तासावर काम करणारी असतात, त्यांच्या हातात फारसं काही नसतं. मालकाने हात वर केले, तर साखळीच्या मुख्य कार्यालयाकडे दुकान क्रमांकासह तक्रार करा. तो क्रमांक पावतीच्या माथ्यावर असतो. त्याच वेळी विक्रेत्यालाही चॅटवर पावतीचा फोटो पाठवा. परत येणारी वस्तू त्याला हवी आहे आणि गिऱ्हाईकही टिकवायचं आहे, म्हणून पाच-सात डॉलरचं क्रेडिट तो बऱ्याचदा चटकन देतो.

ज्या रकमेला तुम्ही होच म्हटलं नव्हतं किंवा जी धोरणापेक्षा जास्त कापली, तिच्यासाठी क्रेडिट कार्डाकडे 'डिस्प्यूट' नोंदवता येतो. 'फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट'खाली, चूक असलेलं स्टेटमेंट पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावं लागतं. बहुतेक बँका ॲपवरही तक्रार घेतात, पण हक्क पक्का राहावा म्हणून पत्रही पाठवलेलं बरं. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. म्हणून ऑनलाइन खरेदी आणि शिपिंगच्या दुकानातला खर्च, दोन्हीसाठी शक्यतो क्रेडिट कार्डच वापरा. डिस्प्यूट टाकताना चार कागद जोडा: रिटर्नच्या पर्यायाचा स्क्रीनशॉट, ड्रॉप-ऑफची पावती, दुकानाचं तपशीलवार बिल आणि विक्रेत्याचं उत्तर.